ताई, मामांच्या नावावर सुरतला गाडी पासिंग केली तर चालेल का?

नवापूरहून एका शिक्षिकेचं पत्र आलंय. ती लिहिते: "ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, मिस्टरांचं मेडिकल आहे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पहिली कार घ्यायची ठरवलीय, पेट्रोल, एक्स-शोरूम 8 लाखाची. हप्ते माझ्या पगारातून जाणार. माझे मामा सुरतला उधन्यात राहतात, ते म्हणतात गाडी त्यांच्या नावावर तिकडेच पासिंग (म्हणजे आरटीओत नोंद) करून घेऊ, महाराष्ट्रापेक्षा 40 हजार कमी लागतील. मिस्टर पण म्हणतात की सगळा लोके असंच करतस, आणि धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याची हालत बघितली तर या सरकारला टॅक्स का द्यायचा. मला मात्र रात्री झोप लागत नाही. दुसरं म्हणजे मला स्वतःला गाडी शिकायचीय, एजंट म्हणतो 5 हजार द्या, टेस्टला फक्त फोटोपुरतं या. काय करू?"

अगं, झोप लागत नाही ना, मग अर्धं उत्तर तुझं तुलाच सापडलंय. पण अर्ध्या उत्तरावर घरातल्यांची समजूत निघत नाही म्हणून नीट सांगते, थोडं लांबेल, चहा घेऊन बस. मी 28 वर्षं आरटीओच्या खिडकीमागे बसून आरसी (गाडीच्या नोंदणीचा दाखला), एनओसी (ना-हरकत दाखला) आणि लोकांची तोंडं बघितलीयत आणि तुझ्यासारखं पत्र मला नवीन नाही, सीमेवरच्या गावात हा मोह सगळ्यांनाच होतो. तुमच्या नवापूरचं तर स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात नि अर्धं गुजरातेत, सुरत म्हणजे खान्देशातल्या निम्म्या घरांचं दुसरं घर, त्यामुळे मामा जे म्हणाले ते काही वाईट मनाने म्हणाले नाहीत, भाचीचे पैसे वाचावेत एवढंच त्यांच्या मनात आहे.

आधी हिशोब, कारण मामांचा आकडा बरोबर आहे. महाराष्ट्रात 10 लाखाच्या आतल्या पेट्रोल कारला 11 टक्के वन टाइम टॅक्स, म्हणजे 8 लाखावर 88 हजार. गुजरातेत खासगी कारवर साधारण 6 टक्के, म्हणजे 48 हजार. फरक 40 हजारांचा. ही रक्कम लहान नाही, तुझ्या पगारात तर नाहीच. पण हा टॅक्स 15 वर्षांचा एकदम भरायचा असतो, तो महिन्यात वाटला तर फरक पडतो सव्वादोनशे रुपयांच्या आसपास. महिन्याला सव्वादोनशे वाचवायला तू काय काय गहाण ठेवतेयस ते आता बघ.

सगळ्यात मोठी गोष्ट मामांचं नाव. आरसीवर ज्याचं नाव तो मालक, बाकी हप्ता कोण भरतं, चावी कुणाच्या पर्समध्ये असते, गाडीत कुणाची पोरं बसतात याला कायद्यात काही अर्थ नाही. तुझ्या नावावर कर्ज घेऊन मामांच्या नावावर आरसी असं बँक करूच देणार नाही कारण आरसीवर बँकेचा बोजा चढवायचा तर कर्जदार आणि मालक एकच लागतो, म्हणजे कर्जही मामांच्या नावावर काढावं लागणार. म्हणजे बघ, कर्ज त्यांचं, गाडी त्यांची, विमा त्यांचा, आणि 5-7 वर्षं पगार कापला जाणार तुझा. उद्या मामांना काही झालं (देव न करो, पण मी या खिडकीवर देव न करो वाल्या गोष्टीच जास्त बघितल्यात) तर ती गाडी मामांच्या वारसांची होते, तुझे मामेभाऊ कितीही चांगले असले तरी प्रत्येकाची सही, प्रत्येकाचं ना-हरकत, आणि एखाद्या सुनेने प्रश्न विचारला तर तुझ्याकडे दाखवायला कागद कुठला? शिकलेली, कमावती बाई पहिल्यांदा स्वतःच्या पैशाने गाडी घेते आणि तिचं नाव कागदावर कुठेच नाही, हे मला खरंच सहन होत नाही गं.

आणि मामांच्या बाजूनेही विचार कर. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय की अपघाताच्या भरपाईसाठी रजिस्ट्रेशनमध्ये ज्याचं नाव आहे तोच मालक धरायचा, त्याने गाडी पुढे विकून ताबा सोडला असला तरीसुद्धा. तिथे तर गाडी विकलेली होती, तुमच्यात तर तसा व्यवहारही नाही. म्हणजे विसरवाडीच्या पुढे कुठे तुमच्या हातून कुणाला धडक बसली तर अपघात भरपाईच्या न्यायाधिकरणाची नोटीस उधन्यात मामांच्या दारावर जाणार. मी नोकरीत असताना असेच एक म्हातारे गृहस्थ आमच्याकडे आले होते, पुतण्याची गाडी त्यांच्या नावावर, पुतण्या दुसऱ्या राज्यात, गाडी त्यांनी आयुष्यात दोनदा बघितलेली, आणि हातात कोर्टाची नोटीस. ते मला विचारत होते, बाई मला तर गाडी चालवताच येत नाही मग माझं नाव कसं. मी त्यांना आरसीची प्रत दाखवली, दुसरं माझ्याकडे काय होतं. त्यांचा तो चेहरा आठवला की मला अजूनही गलबलून येतं, म्हणून एवढं लांबण लावतेय.

विम्यातलं एक बारीक पण महत्त्वाचं. गाडीच्या विम्यासोबत मालक-चालकाला 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा घ्यावा लागतो, तो मिळतो फक्त आरसीवर नाव असलेल्या माणसाला आणि त्याच्याकडे लायसन्स असेल तरच. गाडी तू चालवणार, अपघात झाला तर तुला होणार, आणि ते 15 लाखांचं कवच मामांच्या नावावर उधन्यात बसून राहणार. 40 हजार वाचवताना हे कुणाच्या लक्षातच येत नाही, शोरूमवालाही सांगत नाही.

आता कायदा. गाडी जिथे नेहमी ठेवली जाते आणि मालक जिथे राहतो किंवा धंदा करतो त्या राज्यात रजिस्ट्रेशन करायचं, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 40 मध्ये आहे. साधा प्रश्न विचार स्वतःला, रात्री गाडी कुठे उभी राहणार? नवापूरला, मेडिकलच्या बाजूला. संपलं. दुसऱ्या राज्यातली गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त काळ इकडे ठेवली तर कलम 47 प्रमाणे इकडचा नंबर घ्यावाच लागतो, आणि आपल्या राज्याचा टॅक्स हा गाडी इथे वापरण्यावर किंवा वापरासाठी ठेवण्यावर आहे, नंबर प्लेटवर काय लिहिलंय त्यावर नाही. आरटीओच्या वायुवेग पथकाने (रस्त्यावर गाड्या तपासतात ते) अडवलं तर "कालच सुरतहून आलो" हे पहिल्या वर्षी चालेल, पोरांच्या शाळेबाहेर रोज उभी असलेली जीजे पासिंगची गाडी तिसऱ्या वर्षी कुणाच्या डोळ्यातून सुटणार? मग मागचा टॅक्स, त्यावर महिन्यामहिन्याचं व्याज, आणि वर चुकीचा पत्ता कुणी दिला हा प्रश्न. केरळमध्ये 2017 ला हेच झालं होतं, टॅक्स वाचवायला पुदुच्चेरीचे पत्ते दाखवून महागड्या गाड्या पासिंग केलेल्या निघाल्या आणि सिनेमातल्या मोठ्या लोकांवरसुद्धा गुन्हे दाखल झाले. तुमची गाडी 8 लाखाची आहे, पण खोटं बोलण्याचा प्रकार तोच.

आणि समजा दोन वर्षांनी कंटाळून म्हणालात की जाऊ दे, एमएच 39 (नंदुरबारचा नंबर) करून घेऊ, तर सुरतहून फॉर्म 28 ची एनओसी, बँकेचं संमतीपत्र, गाडी तुझ्या नावावर करायला मामांची फॉर्म 29 आणि 30 वर सही, इकडे नव्या नंबरासाठी फॉर्म 27, गाडीच्या वयाप्रमाणे महाराष्ट्राचा टॅक्स परत भरायचा, आणि तिकडे भरलेल्याचा परतावा मागायला पुन्हा सुरतेच्या चकरा. शाळेच्या किती रजा टाकशील? मी तर लोकांना एनओसीच्या एका सहीसाठी चार वेळा रेल्वेने ये-जा करताना बघितलंय. 40 हजारांतले निम्मे यातच जातात आणि उरलेले एजंटाला.

आता मिस्टरांच्या मुद्द्यावर येते, कारण तो मुद्दा मला खोटा वाटत नाही. त्या रस्त्यावरच्या कोंडाईबारी घाटातून मी पण गेलेय, माझेही मणके खिळखिळे झालेत. पण राग योग्य दारावर नेऊया. धुळ्याकडे जाणारा तो रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 53, तो केंद्राच्या अखत्यारीत, त्यासाठी पेट्रोल-डिझेलवरचा केंद्राचा सेस आणि टोल वेगळा. गाडीचा टॅक्स घटनेने राज्याकडे दिलाय, राज्य सूचीतली 57 वी नोंद, आणि आपल्याकडे तो 1958 च्या मोटार वाहन कर कायद्याने घेतात. लोक त्याला रोड टॅक्स म्हणतात म्हणून सगळ्यांना वाटतं की आपले 88 हजार समोरच्या खड्ड्यात पडायला पाहिजेत, पण तो "कर" आहे, "शुल्क" नाही. शुल्क म्हणजे एखाद्या कामाचे पैसे, लायसन्सची फी, रजिस्ट्रेशनचे 600 रुपये, हे त्या कामापुरतं. कर राज्याच्या एकत्रित निधीत जातो आणि तिथून दवाखाने, पाणीयोजना, पोलिस, शाळा, सगळीकडे. जीएसटी 2017 ला आल्यावर राज्याच्या स्वतःच्या हातात फार थोडे कर उरलेत, मुद्रांक शुल्क, दारूवरचं उत्पादन शुल्क, पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, विजेवरचं शुल्क आणि हा गाड्यांचा टॅक्स. म्हणून तर सरकार यात सारखं काही ना काही वाढवत असतं, 1 जुलै 2025 पासून सीएनजी गाड्यांचा एक टक्का वाढवला, महागड्या गाड्यांच्या टॅक्सची कमाल मर्यादा 20 लाखावरून 30 लाख केली, त्याआधी 2024 ला पसंतीच्या नंबरांच्या फी वाढवल्या, मुंबई-पुण्यात चारचाकीला 0001 हवा असेल तर 6 लाख. हौसेवर जास्त घ्या, माझी काही हरकत नाही, पण 8 लाखाच्या पहिल्या गाडीला शेजारच्या राज्याच्या जवळपास दुप्पट टक्के घेणं मला पटत नाही, हे मी सरकारी नोकरी करूनही स्पष्ट सांगते. सीमेवरच्या जिल्ह्यांत यामुळेच गळती होते, हे मंत्रालयात कुणीतरी मांडायला पाहिजे, आणि मिस्टरांनी चार मेडिकलवाल्यांना घेऊन आमदारांकडे हा प्रश्न लेखी नेला तर मी म्हणेन शाब्बास. पण बाई, ज्या तिजोरीत हे 88 हजार जाणार आहेत त्याच तिजोरीतून तुझा पगार निघतो. तुझ्या वर्गातल्या पोरांच्या पुस्तकांच्या पैशातला राज्याचा वाटा पण तिथूनच. मिस्टरांना हे भांडून सांगू नकोस, जेवताना शांतपणे सांग, माणूस विचारी दिसतोय, समजेल.

आता पैसे खरंच कुठे वाचतात ते सांगते, कारण नुसतं भर म्हणून सांगून मी मोकळी होणार नाही. शोरूममधून ऑन-रोडचा एकच गोल आकडा घेऊ नकोस, फोड करून लेखी कोटेशन माग. त्यात एक्स-शोरूम, वन टाइम टॅक्स, त्यावरचा रस्ता सुरक्षा उपकर, रजिस्ट्रेशन 600, बँकेचा बोजा चढवायचे 1500, स्मार्ट कार्ड, विमा, असं एकेक दिसलं पाहिजे. बऱ्याच ठिकाणी यात "हँडलिंग", "आरटीओ खर्च", "लॉजिस्टिक" अशा नावाने काही हजार घुसवलेले असतात, त्यावर बोट ठेव आणि विचार की ह्याची सरकारी पावती मिळणार का, पावती नसेल तर ते पैसे सरकारचे नाहीत एवढं समज. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती कुणी करू शकत नाही, दोन-तीन कंपन्यांचे भाव काढ, मी लोकांना यात 10-12 हजारांचा फरक पडलेला बघितलाय. नंबर प्लेटचे वेगळे पैसे मागितले तर देऊ नकोस, 2019 पासून नवीन गाडीला हाय सिक्युरिटी प्लेट सोबतच येते. तुमच्याकडे सीएनजी पंप सोयीचा असेल तर कंपनी फिटेड सीएनजीला टॅक्स 8 टक्के आहे, गाडीची किंमत थोडी जास्त असते तरी टॅक्सचा आकडा पेट्रोलपेक्षा 15 हजारांच्या आसपास खाली येतो आणि पुढे इंधनातही वाचतं. इलेक्ट्रिक गाड्यांना राज्याच्या 2025 च्या धोरणात टॅक्स माफ आहे, पण 8 लाखाच्या बजेटमध्ये आणि तुमच्या प्रवासाला ती बसते का ते बघूनच ठरव, माफीसाठी म्हणून घेऊ नकोस. आणि कोटेशन 22 सप्टेंबर 2025 नंतरचंच असू दे, छोट्या गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 वर आलाय आणि आपला टॅक्स किमतीवर टक्क्यात असतो म्हणून किंमत उतरली की तोही उतरतो. हे सगळं धरलं तर मामांचे 40 हजार नाही तरी त्यातले बरेचसे सरळ मार्गाने सुटतील.

आता लायसन्स. इथे मात्र मी जरा कडक बोलणार आहे, राग मानू नकोस.

एजंटाने 5 हजार सांगितले ना, सरकारी हिशोब बघ. लर्निंगची फी गाडीच्या एका प्रकाराला 150, टेस्टचे 50. पुढे पक्क्या लायसन्सला टेस्टचे 300, लायसन्सचे 200, वर कार्ड आणि पोस्टाचा खर्च. कार आणि स्कूटी दोन्ही घेतलंस तरी सगळं मिळून दीड हजाराच्या आसपास संपतं. म्हणजे उरलेले साडेतीन हजार सरकारच्या तिजोरीत जात नाहीत, त्याची कुठली पावती नाही, ते कशाचे आहेत तर तुला गाडी येते का हे कुणी बघू नये याचे. तू शिक्षिका आहेस, एखादी आई येऊन म्हणाली की पैसे घ्या पण माझ्या पोराचा पेपर तपासू नका तर तू काय करशील? आणि पेपरात नापास झालेलं पोरगं घरी तरी सुखरूप जातं गं. टेस्ट न देता लायसन्स घेतलेल्या माणसाला घाटात चढावर ट्रकच्या मागे गाडी थांबवायची वेळ आली, हँडब्रेक आणि क्लच जमला नाही, गाडी मागे सरकली, तर मागे कोण असेल? मी नोकरीत हजारो लायसन्स हातावेगळी केलीत आणि त्यातली काही नीट टेस्ट न होता निघालेली होती हे मला माहीत होतं, मी तेव्हा खालच्या टेबलावर होते, बोलले पण जितकं बोलायला पाहिजे होतं तितकं बोलले नाही, आणि ते मला अजूनही टोचतं. म्हणून तुला सांगतेय, तू त्या रांगेत जाऊ नकोस.

लर्निंगसाठी आता आरटीओतही जावं लागत नाही, 2021 पासून आधारवरून परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर घरी बसून टेस्ट देता येते. ती टेस्ट तू स्वतः दे, एजंटाला ओटीपी देऊन त्याच्याकडून देऊ नकोस, त्यातले खुणांचे प्रश्न दोन संध्याकाळ वाचले की येतात. लर्निंग 6 महिने चालतं आणि 30 दिवस झाल्याशिवाय पक्क्याची टेस्ट देता येत नाही, हे 30 दिवस शिकायलाच दिलेत. ड्रायव्हिंग स्कूल लाव, पण नवऱ्याकडून शिकायचं असेल तर त्याच्याकडे कारचं लायसन्स असलं पाहिजे आणि तो शेजारच्या सीटवर असला पाहिजे, पुढेमागे "एल" लावून. एकटी गाडी काढू नकोस, पक्कं लायसन्स हातात येईपर्यंत कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा नाही, विनालायसन्स 5 हजार दंड आहे आणि ज्याने गाडी दिली त्यालाही वेगळा. रिव्हर्स, पार्किंग आणि चढावर थांबवून परत उचलणं या तीन गोष्टी पक्क्या कर, टेस्टमध्ये बायकांची धांदल तिथेच होते आणि ती फक्त सराव कमी असल्यामुळे, दुसरं काही कारण नाही. नापास झालीस तर परत फी भरून परत दे, त्यात लाज कसली, मी स्वतः दुसऱ्या वेळी पास झालेय. तुझं वय पत्रात नाही पण तिशीच्या आत असशील तर लायसन्स चाळिशीपर्यंतचं मिळेल.

नंदुरबारला दर वेळी जायला जमत नसेल तर तालुक्याला आरटीओचा कॅम्प कधी लागतो ते विचारून घे आणि टेस्टची अपॉइंटमेंट तिथली घे.

मामांना फोन तू स्वतः कर, मिस्टरांकडून निरोप नको. म्हण की मामा, तुमच्या नावावर गाडी घेतली आणि माझ्या हातून कुठे काही झालं तर नोटीस तुमच्या दारात येईल, ते मला चालणार नाही. खान्देशी मामा आहे, भाची आपल्यासाठी एवढा विचार करते म्हटल्यावर वाईट वाटून घेणार नाही, उलट आखाजीला तू माहेरी जाशील तेव्हा गाडीच्या पूजेला सुरतहून येईल. त्याच्या आत तुझं लायसन्स हातात पाहिजे असेल तर आखाजीला अजून दोन महिने आहेत, म्हणजे 30 दिवस लर्निंगचे, पुढे अपॉइंटमेंट मिळायला आठ-दहा दिवस, एखादी टेस्ट हुकली तर परत तेवढेच. तेव्हा लर्निंगचा फॉर्म या रविवारीच भर, आधारला मोबाईल नंबर जोडलेला आहे ना ते मात्र आधी बघून घे.